म्युनिकला येताय? शाळेच्या आधी मुक्काम आणि घर ठरवा

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला म्युनिकची नोकरी मिळाली आहे, मुलगी साडेसहा वर्षांची, मुलगा साडेतीनचा, आणि दोघांना इंटरनॅशनल स्कूलमध्ये घालायचं की जर्मन शाळेत यावर घरात एकमत होत नाहीये. माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत शिकली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळांच्या याद्या सध्या बाजूला ठेवा. किती वर्षं राहायचं, हे तुम्ही दोघं आधी बसून बोला. दोन-तीन वर्षांत परत जाणं किंवा तिसऱ्या देशात जाणं नक्की असेल तर इंटरनॅशनल स्कूल घ्या. इंग्रजी माध्यम सुटत नाही आणि पुढे आयबी किंवा केंब्रिजच्या शाळेत सहज रुळता येतं. फी मात्र एका मुलामागे वर्षाला २०,००० युरोच्या आगेमागे जाते. म्युनिक इंटरनॅशनल स्कूल श्टार्नबेर्गकडे आहे, म्हणजे शहरात राहिलात तर रोजचा लांबचा प्रवास आलाच. कंपनी फी भरणार असेल तर किती वर्षं भरणार, हे सही करण्याआधी करारात लिहून घ्या. मदत थांबली, कुटुंबाने मात्र इथेच राहायचं ठरवलं, आणि तिसरी-चौथीतलं मूल जर्मनचा गंध नसताना सरकारी शाळेत आलं, असं मी ओळखीच्या घरांत पाहिलंय. त्या मुलांचे हाल बघवत नाहीत.

कारण बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीनंतर वाटा फुटतात. गिमनाझियुमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, थेट जायचं तर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. इथे १ हा सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट, हे लक्षात ठेवा. बर्लिनमधली मैत्रीण सांगेल की इतकी घाई नसते, आणि तिचं तिच्यापुरतं बरोबर आहे, कारण तिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या लोकांचा सल्ला तपासूनच घ्या. आणि २.३३ हुकलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. रेआलशुले (दहावीपर्यंतची मधल्या वाटेची शाळा) करून पुढे एफओएसमार्गे (दहावीनंतरची व्यवसायाभिमुख शाळा) उच्च शिक्षणाकडे जाणारी कितीतरी मुलं आहेत.

पाच वर्षं किंवा जास्त राहायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सरकारी ग्रुंडशुले, म्हणजे प्राथमिक शाळा. फी नाही, आणि मैत्रिणी चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. लहान मुलाला नव्या देशात याहून मोठा आधार मी तरी पाहिलेला नाही. पण 'चांगली शाळा कुठली' हा आपला नेहमीचा प्रश्न इथे फारसा चालत नाही. प्रत्येक पत्त्याला एक शाळा नेमून दिलेली असते, त्या हद्दीला श्प्रेंगेल म्हणतात. बाहेरच्या शाळेत घालायला सबळ कारण देऊन अर्ज करावा लागतो. म्हणजे घर घेतलं की शाळा ठरली. कंपनीचा तात्पुरता फ्लॅट एका भागात आणि कायमचं घर दुसऱ्या भागात मिळालं तर मुलीला काही महिन्यांत दोनदा शाळा बदलावी लागेल. म्युनिकमध्ये घर मिळणं कठीण आहे हे मान्य, तरी शक्यतो तात्पुरत्या फ्लॅटच्याच भागात घर शोधा.

मुलीचं वय शाळेचं झालेलं आहे, तेव्हा पत्त्याची नोंदणी झाली की लगेच त्या भागातल्या शाळेच्या कार्यालयात जा. घरी शिकवणं इथे चालत नाही. सत्र चालू असताना स्वस्त तिकिटासाठी आठवडाभर आधी भारतात निघणंही चालत नाही, दंड होतो. तिला बहुधा डॉइचक्लासमध्ये (जर्मन न येणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग) किंवा नेहमीच्या वर्गात जर्मनच्या जादा तासांसह बसवतील. डॉइचक्लास मिळाला तरी चित्रकला, संगीत, खेळ हे इतर मुलांबरोबरच असतात. सुरुवातीचे काही महिने ती शाळेत एक शब्दही बोलणार नाही, असं होऊ शकतं. घाबरू नका, मूल त्या काळात ऐकून साठवत असतं. घरी मराठीच बोला. मोडकं जर्मन बोलून तिला मदत होत नाही, उलट रडायला आणि मनातलं सांगायला हक्काची भाषा लागते. एक वर्ष मागे बसवायचं शिक्षकांनी सुचवलं तर मनाला लावून घेऊ नका, इथे त्यात कमीपणा मानत नाहीत.

धाकट्याचं सोपं आहे, फक्त जागा मिळवणं सोपं नाही. कायद्याने किंडरगार्टनचा हक्क आहे, पण म्युनिकमध्ये हव्या त्या ठिकाणी जागा मिळेलच असं नाही. शहराच्या किटा फाइंडर या संकेतस्थळावर नोंद करा आणि खासगी किंवा पालकांनी मिळून चालवलेल्या किंडरगार्टनना वेगळे ईमेल पाठवा. पालकांच्या संस्थांत स्वयंपाक, साफसफाई, हिशोब यात हात लावावा लागतो, पण ओळखीही तिथेच होतात. जागा मिळाली की पहिले काही आठवडे आई किंवा बाबांनी सोबत बसायचं असतं. मूल रुळेपर्यंत वेळ हळूहळू वाढवतात. तेव्हा तुम्हीही नोकरी शोधणार असाल तर रुजू व्हायची तारीख त्याप्रमाणे मागा. तो आता आला तर शाळेआधी दोन-अडीच वर्षं जर्मन कानावर पडेल, आणि त्याला डॉइचक्लासची गरजही बहुधा पडणार नाही.

मोठीची शाळा दुपारच्या आतबाहेर सुटते, म्हणून होर्ट किंवा मिटाग्सबेट्रॉयुंग, म्हणजे शाळेनंतर मुलं सांभाळायच्या सोयींचीही चौकशी शाळेतच करा. दिवसभराच्या देखरेखीचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना मिळतो आणि दर वर्षी एकेक इयत्ता वाढत जाते. तुमची मुलगी त्या वर्षी दुसरीत असेल तर तिला तो लागू होणार नाही.

निघण्याआधी लसीकरणाची कार्डं काढून बघा. मार्च २०२० पासून इथे गोवराच्या दोन डोसांचा पुरावा लागतो आणि तो नसेल तर किंडरगार्टन धाकट्याला घेणारच नाही. तारीख पुसट असेल किंवा दवाखान्याचा शिक्का नसेल तर आत्ताच डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. जन्मदाखले आणि मुलीचं शाळेचं प्रगतिपुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा.