पीएचपीमध्ये आतली की नसतानाही इसेट 'ट्रू' का देतं?

तुम्ही लिहिलंय की पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत, किंमत आहे का हे तपासणारं इसेट वापरल्यावर, काही लेखांसाठी `इसेट($लेख['टॅग'][0])` 'ट्रू' (म्हणजे 'आहे') येतं, पण छापल्यावर टॅगऐवजी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. त्या लेखांमध्ये `$लेख['टॅग']` हा अ‍ॅरे (की, म्हणजे नाव किंवा क्रमांक, देऊन किमती काढता येतात अशी यादी) नाहीच, नुसती 'कथा' अशी स्ट्रिंग (साधा मजकूर) आहे. पीएचपीत स्ट्रिंगलाही चौकटी कंस चालतात आणि तिथे `[0]` म्हणजे पहिला बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 'क' तीन बाइटांचा असतो. त्यातला एकच बाइट छापला गेला, म्हणून तो चौकोन. मजकूर रोमन लिपीत असता तर एक धड अक्षर दिसलं असतं आणि ही चूक शोधणं फार अवघड गेलं असतं.

इसेट एवढंच बघतं, की या वाटेनं गेल्यावर नल (म्हणजे 'किंमतच नाही') नसलेलं काही सापडतं का. वाटेत अ‍ॅरे लागला की स्ट्रिंग, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. `??` (डावीकडे नल असेल तर उजवीकडची किंमत घेणारं चिन्ह) चाही नियम तोच, त्यामुळे ते वापरूनही तुम्हाला फरक दिसला नाही.

जुनी उत्तरं वाचताना आवृत्ती जरूर बघा. पीएचपी ५.४ च्या आधी इसेटनं स्ट्रिंगवर `['नाव']` विचारलं तरी ती की शून्य धरली जायची आणि 'ट्रू' यायचं. ५.४ पासून तिथे 'फॉल्स' येतं. अंकी की मात्र, अगदी अवतरणात `'0'` लिहिली तरी, आजही चालते.

`अ‍ॅरे_की_एक्झिस्ट्स` हे की आहे का ते बघणारं फंक्शन इथे उपयोगाचं नाही. ते एकच पातळी तपासतं, आणि पीएचपी ८ मध्ये त्याला स्ट्रिंग दिली तर थेट टाइपएरर (चुकीच्या प्रकारची किंमत दिल्याची चूक) येते. कीची किंमत नल असतानाही 'ट्रू' हवं असेल, तेव्हाच ते वापरा.

तुमचा डेटा एक्सएमएलवरून जेसनमार्गे (हे दोन्ही डेटा लिहून ठेवायचे प्रकार) अ‍ॅरेत येतो, खरं मूळ तिथे आहे. सिंपलएक्सएमएलचं (पीएचपीतल्या एक्सएमएल वाचणाऱ्या साधनाचं) असं रूपांतर केलं की एकच टॅग असल्यास स्ट्रिंग मिळते, अनेक असल्यास अ‍ॅरे. जागोजागी `इझ_अ‍ॅरे` ही प्रकाराची तपासणी लावण्यापेक्षा डेटा आत घेतानाच तो एकसारखा करा, असं मी आग्रहानं सांगेन:

`$लेख['टॅग'] = (अ‍ॅरे) ($लेख['टॅग'] ?? नल);`

स्ट्रिंगचा एका घटकाचा अ‍ॅरे होतो, नलचा रिकामा. फक्त रिकाम्या स्ट्रिंगचाही एका घटकाचा अ‍ॅरे होतो, तेवढी आधी गाळून घ्या.