कंबरदुखीसाठी मसाजचं यंत्र कुठलं घ्यावं?

कंबर दुखणाऱ्या माणसाचं बोलणं फिरून फिरून एका प्रश्नावर येतं : घरच्या घरी मसाज करायला काय घेऊ? मी नाशिकमध्ये एका फिजिओथेरपी केंद्रात, बरेच महिने दुखणं सोसत असलेल्या लोकांचं समुपदेशन करते. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत मशीनपुढे उभे राहणारे हा प्रश्न विचारतात, पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला नोकरीसाठी ये-जा करणारे विचारतात, पिंपळगावकडून द्राक्षांची विरळणी करून आलेल्या बायकाही विचारतात. थंडी पडली आणि निफाडचा पारा उतरला की विचारणारे आणखी वाढतात.

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मी एका बाईंच्या अनुभवावरून देते. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्यांना रेखाताई म्हणू.

रेखाताई 54 वर्षांच्या. सिडकोत राहतात, घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. सकाळी ओट्यापुढे उभ्या राहिल्या की दोन-तीन तास हलत नाहीत. आल्या त्या मोबाईल उघडूनच. ठोके देणारी मसाज गन, गरम होणारी फिरत्या गोळ्यांची उशी, थरथरणारा पट्टा, फोमचा रोलर, टोचणारी अॅक्युप्रेशरची चटई असे सगळ्यांचे फोटो काढून ठेवलेले. म्हणाल्या, "मॅडम, ह्यातलं एक काय ते सांगा, म्हणजे मी सुटले."

मी विचारलं, "घरी काही आहे का आधीपासून?"

होतं. मुलानं वाढदिवसाला मसाज गन आणून दिली होती. रेखाताईंनी पहिल्याच दिवशी ती सगळ्यात वरच्या स्पीडवर, बरोबर मणक्यावर दाबून धरली. दुखतंय तिथेच जोरात लावायचं, असा साधा हिशोब. दुसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना, कातडीवर लालसर डाग. गन कपाटात गेली आणि मुलाला वाईट वाटेल म्हणून त्या कुणाशी काही बोलल्या नाहीत.

"बोटानं दाखवा, नक्की कुठे दुखतं?" असं मी प्रत्येकाला विचारते. कंबर दुखते म्हणणारी माणसं हात पाठीवर गोल फिरवतात, पण एका बोटानं दाखवायला सांगितलं की जागा बदलते. रेखाताईंचं बोट मणक्यावर गेलंच नाही. ते उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या कडेवर आणि खाली कुल्ल्यात जाऊन थांबलं. म्हणजे गन जिथे मारली, दुखणं तिथे नव्हतंच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांनी आणि आमच्या फिजिओथेरपिस्टनं त्यांना नीट तपासलं होतं. पाळी गेलेली, आणि आई म्हातारपणी वाकून गेलेली, म्हणून हाडांची घनताही तपासून घेतली होती. हाडं ठिसूळ असतील तर जोराचा दाब किंवा ठोके चालत नाहीत, आणि आपल्याकडची ती नातवाला पाठीवर उभं करून पाय द्यायला लावायची पद्धत तर अजिबात नाही. ज्यांना लघवी-शौचावर ताबा राहत नाही, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आलाय किंवा पायातली ताकद कमी होत चाललीय, त्यांनी यंत्राचा विचार सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग बाकीचं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा पेसमेकर बसवला असेल, तर कुठलंही यंत्र विचारल्याशिवाय लावू नये.

रेखाताईंना यातलं काहीच नव्हतं. तरीही त्या घाबरलेल्या होत्या. पर्समधून एमआरआयचा कागद काढून म्हणाल्या, "मणक्यात गॅप आलाय. चकती बाहेर आलीय. आता वाकायचं नाही ना?" त्यांनी खाली बसणं सोडलं होतं. गोल्फ क्लबच्या मैदानावरचं संध्याकाळचं चालणं सोडलं होतं. मैत्रिणी पांडवलेणीला निघाल्या की त्या पायऱ्यांच्या भीतीनं कारणं सांगायच्या. खरं म्हणजे त्यांना असं यंत्र हवं होतं जे ही झीज मागे नेईल.

असं यंत्र नाही. पण त्या कागदाची जेवढी भीती वाटते तेवढी वाटून घ्यायचंही कारण नसतं. कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या साधारण 30 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या वयात 84 टक्के लोकांच्या. वयानुसार कातडीला सुरकुत्या पडतात तसंच हे बरंचसं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या सुमारे 90 टक्के रुग्णांत एका ठरावीक इजेवर किंवा आजारावर बोट ठेवता येत नाही. हे ऐकून रेखाताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आईसारखी वाकणार नाही?" फोनमधल्या त्या सगळ्या फोटोंमागे हा एकच प्रश्न होता. त्यांची हाडं तपासलेली होती, म्हणून डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की आज तरी तशी काही चिन्हं नाहीत.

भीती जरा उतरल्यावर आम्ही फोटोंकडे वळलो.

मी विचारलं, "हे यंत्र हातात कोण धरणार?"

माझ्या मते यंत्र निवडताना हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा. गन स्वतःच्या कमरेवर धरायची तर हात मागे पिळावा लागतो. अर्ध्या-एक किलोची, मिनिटाला दोन-तीन हजार ठोके देणारी वस्तू त्या अवस्थेत नीट धरता येत नाही. खांदा दुखायला लागतो आणि ठोके भलत्या जागी पडतात. दुसऱ्यानं धरली तर दाब किती हे त्याला कळत नाही. रेखाताई म्हणाल्या, "हे सेकंड शिफ्टवरून रात्री येतात. सून नवीन आहे, तिला कशी सांगू कंबर चोळून दे म्हणून? म्हणूनच तर मशीन हवंय." इथे माझ्या लक्षात आलं, त्यांना कुणाला त्रास न देता मिळणारा आराम हवा आहे. तेव्हा जे एकटीला वापरता येईल, ज्याचा दाब स्वतःला कमी-जास्त करता येईल आणि नको वाटलं की त्याच क्षणी थांबवता येईल, असंच काहीतरी त्यांना योग्य होतं.

मी सुचवला टेनिसचा चेंडू. त्यांचा चेहरा पडला, हे मला दिसलं. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूवर विश्वास बसत नाही, हे मी समजू शकते. फिजिओथेरपिस्टनं तिथेच करून दाखवलं. चेंडू एका लांब मोज्यात घालायचा आणि मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे घेऊन धरायचं, म्हणजे तो घरंगळत नाही. भिंतीला पाठ करून, पावलं भिंतीपासून फूटभर पुढे ठेवून उभं राहायचं. चेंडू कुल्ल्याच्या मांसल भागावर किंवा मणक्याच्या बाजूच्या स्नायूंवर आणायचा, मणक्याच्या हाडावर नाही. मग गुडघे थोडे वाकवत हळूहळू वर-खाली. एखादी दुखरी जागा सापडली की तिथे 20-30 सेकंद थांबायचं आणि श्वास लांब सोडायचा. दुखणं दहापैकी चार-पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही. श्वास रोखला जात असेल, दात आवळले जात असतील, तर दाब जास्त झाला. अर्धं पाऊल मागे भिंतीकडे सरकायचं. दोन्ही बाजू एकदम हव्या असतील तर एकाच मोज्यात दोन चेंडू घालून मधे गाठ मारावी, मणका मधल्या खाचेत राहतो.

रेखाताईंनी कुल्ल्यातली ती जागा पकडली आणि आपसूक त्यांच्या तोंडून "हं, हेच, हेच" निघालं. दुखतंय तरी हवंसं वाटतं, असा दाब बरोबर समजावा.

बाकीच्या फोटोंबद्दल. फिरत्या गोळ्यांची उशी मला वाईट वाटत नाही. हाताची पकड कमजोर असेल, उभं राहणं जमत नसेल, तर ती चांगलीच. खुर्चीत बसून, उशी पाठीमागे ठेवून आपण जेवढं रेलू तेवढाच दाब येतो. ती खाली ठेवून तिच्यावर आडवं झोपू नये, सगळं वजन गोळ्यांवर येतं. ठरावीक वेळेनं आपोआप बंद होते की नाही ते बघून घ्यावं. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झालीय त्यांनी गरम करण्याचं बटण वापरू नये, भाजलेलं कळत नाही. टोचणारी चटईही त्यांच्यासाठी नाही. फोमचा रोलर मांड्यांना, कुल्ल्यांना, पाठीच्या वरच्या भागाला छान, पण थेट कमरेखाली घेतला की कंबर नको तेवढी मागे वाकते. शिवाय जमिनीवरून उठणंच ज्यांना अवघड, त्यांनी तो आणून काय करावं? थरथरणाऱ्या पट्ट्यावर पैसे घालू नयेत.

लोक कमरेला आधार देणाऱ्या पट्ट्याबद्दल आणि पॅच चिकटवून बारीक करंट देणाऱ्या टेन्स यंत्राबद्दलही विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीचा उपचार म्हणून ही दोन्ही देऊ नयेत, असं त्यांत आहे. दुखण्याची नीट माहिती, व्यायाम, मानसशास्त्रीय उपचार आणि मसाज यांना मात्र त्यांत जागा आहे.

पण मसाजनं मिळतो तो थोड्या वेळाचा आराम. दाबानं, उबेनं मज्जासंस्थेची सावधगिरी सैल पडते, स्नायू ढिले होतात, काही वेळ हालचाल सोपी वाटते. तो वेळ पलंगावर पडून घालवला तर संध्याकाळी दुखणं पुन्हा हजर. म्हणून रेखाताईंबरोबर आम्ही असं ठरवलं : पोळ्या झाल्या की रबरी पिशवीत गरम पाणी भरून, टॉवेलमध्ये गुंडाळून, 15 मिनिटं शेक. मग भिंतीशी चेंडू, थोडाच वेळ. आणि लगेच चपला घालून बाहेर, सुरुवातीला फक्त कोपऱ्यापर्यंत. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या 701 लोकांवर झालेला एक अभ्यास 2024 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. ज्यांना मार्गदर्शनासह टप्प्याटप्प्यानं चालणं वाढवायला सांगितलं, त्यांच्यातल्या निम्म्या जणांचं दुखणं परत यायला 208 दिवस लागले. ज्यांना काही सांगितलं नाही त्यांच्यात हेच 112 दिवसांत झालं. कुठल्याही यंत्रापेक्षा मला हे मोठं वाटतं.

ओट्याशीही एक बदल केला. पायाशी एक लाकडी पाट ठेवायचा, त्यावर एक पाय, थोड्या वेळानं दुसरा. पीठ मळायचं काम जेवणाच्या टेबलाशी बसून. ऑर्डर कमी करायला त्या तयार नव्हत्या, आणि मीही आग्रह धरला नाही. ते त्यांचे स्वतःचे पैसे आहेत, त्यांचा त्यांना अभिमान आहे.

पुढच्या एका भेटीला त्यांनी सुनेला सोबत आणलं. मी दोघींसमोर विचारलं, घरात कुणाला माहीत होतं का रेखाताईंचं एवढं दुखतं ते? सून म्हणाली, "आई कधी बोलल्याच नाहीत. मला वाटायचं त्यांना हात लावलेला आवडत नाही." आता रविवारी ती तिळाचं तेल कोमट करून त्यांच्या कमरेला लावते. रोज नाही, आणि रेखाताईंची तशी अपेक्षाही नाही. चेंडू आहे म्हणून मागणं सोपं झालं, असं त्या म्हणतात. सून नाही म्हणाली तरी अडत नाही.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. लग्नसराईत ऑर्डरी वाढल्या की उजवी बाजू भरून येते. पण त्यानं आता त्या घाबरत नाहीत आणि चालणं सोडत नाहीत.

घरी आधीच गन येऊन पडली असेल तर ती फेकू नका. मऊ गोल डोकं लावा, सगळ्यात कमी स्पीड ठेवा, कपड्यावरून मांड्या, पोटऱ्या आणि कुल्ल्यांवर फिरवा, एका जागी मिनिटभराहून जास्त नको. मणका, बरगड्या आणि बरगड्यांच्या खाली पाठीच्या दोन्ही बाजू, जिथे आत मूत्रपिंडं असतात, त्या जागा सोडा. आणि उशी घ्यायची ठरलीच तर शक्यतो दुकानात जाऊन, तिला टेकून बसून बघा. ऑनलाइन मागवलीत तर परत करायची मुदत किती ते आधी वाचा आणि त्या मुदतीत रोज वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर आदल्या दिवशीपेक्षा जास्त धरलेली वाटली, तर दाब कमी करा. तरीही तसंच होत असेल, तर उशी परत करा.