चौथ्या गाण्यातला ढोल

नाशिक,
रविवार सकाळ

प्रिय पोरी,

तुझ्या मित्रांच्या बँडच्या अल्बमवरचं तुझं परीक्षण काल दोनदा वाचलं. आधी मोबाइलवर, मग खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि पेन घेऊन बसलो. विशेषणांखाली रेघा मारत गेलो, सत्तावीस भरली. ‘अप्रतिम’ तीनदा, ‘हटके’ दोनदा. ‘फ्युजनचा सुरेख मिलाफ’ वाचून तर माझीच मला लाज वाटली, कारण हे शब्द पस्तीस वर्षांपूर्वी मीही छापून मोकळा झालोय. अल्बम नऊ गाण्यांचा आहे आणि तुझ्या पानभर मजकुरात त्यातली एकही जागा नाही.

‘जागा’ म्हणजे मैफलीतली जागा. शेजारचे आजोबा मांडीवर थाप मारून ‘काय जागा घेतली!’ म्हणतात, तेव्हा ते रागाबद्दल किंवा गायकाच्या घराण्याबद्दल बोलत नसतात. दीड सेकंदात गळा कुठून कुठे वळला, तेवढंच त्यांनी पकडलेलं असतं. पॉप असो, रॅप असो, तुझ्या मित्रांच्या बँडचा अल्बम असो, परीक्षण लिहिणाऱ्याला तेवढं पकडता यायला हवं. गाणं आवडलं की नाही हे रिक्षावालाही सांगतो, आणि बऱ्याचदा आपल्यापेक्षा नेमकं सांगतो.

चौथ्या गाण्याचंच घे. तू लिहिलंस, ‘नाशिक ढोलच्या दणदणाटानं गाणं वेगळ्याच उंचीवर जातं.’ मी ते गाणं आठ वेळा ऐकलं. दुसरा अंतरा संपला की २ मिनिटं ११ सेकंदांना ढोल येतो, आणि गाणं उंच जायचं सोडून आक्रसतं. असं का होतंय ते कळायला मला चार वेळा ऐकावं लागलं. तो दोन आवर्तनांचा तुकडा आहे, तुमच्या भाषेत लूप, एकामागोमाग एक चिकटवलेला. प्रत्येक टोल घड्याळावर बसवलाय, प्रत्येकाचा जोर सारखा. पथकात चाळीस ढोल असतात तेव्हा चाळीस टिपरू एका क्षणी कधीच पडत नाहीत. कुणी केसभर पुढे, कुणी केसभर मागे. त्या विस्कटण्यानंच आवाज रुंद होतो, त्यात गर्दी ऐकू येते. वाकडी बारवेपासून निघालेली मिरवणूक मेन रोडला शिरली की दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून तो आवाज परत अंगावर येतो, ते वेगळंच. या लूपमध्ये गर्दी नाही आणि रस्ताही नाही. ताशा तर औषधालाही नाही. ताशाच्या सलग तर्रीशिवाय नुसता ढोल म्हणजे इंजिन नसलेली मालगाडी.

एवढ्यावर निकाल देऊन मी मोकळा झालो असतो. पण सहाव्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष गेलं. गाणं हिंजवडीच्या खोलीत बसून गावची विसर्जन मिरवणूक फोनवर बघणाऱ्या मुलाचं आहे. फोनमधून ढोल असाच ऐकू येतो, चपटा. म्हटलं, अरे, हे मुद्दाम केलंय की काय? मुद्दाम असेल तर मी ज्याला चूक म्हणत होतो ती त्या गाण्यातली सगळ्यात हुशार गोष्ट ठरते. पुरावा गाण्यातच शोधला. शेवटच्या कडव्यात मुलगा घरी येतो, मिरवणुकीत शिरतो, आणि ढोल तोच, तितकाच चपटा. म्हणजे मुद्दाम नव्हतं. हाताशी आलेली संधी पोरांनी दवडली.

तू हे एवढंच लिहिलं असतंस, अडीचशे शब्दांत, आणि बाकीच्या आठ गाण्यांना एकेक ओळ दिली असतीस, तरी मी खूश झालो असतो. त्या पोरांनाही उपयोग झाला असता. पुढच्या वेळी ते गंगापूर रोडला पथकाच्या सरावात माईक घेऊन उभे राहिले असते.

आता ऐकायचं कशावर. याबाबतीत मी पोळलेलो माणूस आहे. रविवार कारंजाजवळ माझं कॅसेटी भरून देण्याचं दुकान होतं, हे तुला आईनं सांगितलं असेलच. (कायद्याच्या दृष्टीनं ती चोरी होती. तेव्हा गल्लोगल्ली चालायचं, म्हणून ती चोरी नव्हती असं होत नाही.) दिवसा दुकान, आणि रविवारी एका दैनिकाच्या पुरवणीत ‘नवी गाणी’ म्हणून सदर. १९९३ च्या पावसाळ्यात एका गायकाची भावगीतांची नवी कॅसेट आली. मी लिहिलं, ‘आवाज थकलेला, लय रेंगाळणारी, उमेद हरवलेली.’ छापून आलं त्या दिवशी भद्रकालीतले एक तबलजी हार्मोनियम घेऊन दुकानात हजर. म्हणाले, ‘लावा ती कॅसेट.’ लावली. त्यांनी पेटीची काळी एक ही पट्टी दाबली, बरोबर जुळली. मग मला स्कूटरवर बसवून घरी नेलं, त्यांच्या डेकवर तीच कॅसेट लावली आणि पांढरी दोन, म्हणजे अर्धा स्वर वरची पट्टी दाबली. तीही जुळली.

माझ्या डेकचा रबरी पट्टा सैल झाला होता. फीत सहा टक्क्यांनी हळू फिरत होती, आणि सहा टक्के हळू म्हणजे अर्धा स्वर खाली. थकलेला तो गायक नव्हता, माझा पट्टा होता. पुढच्या रविवारी मी चूक छापली, पण चार ओळींत, कोपऱ्यात. माफी मागायला पत्र लिहिलं ते टपालात टाकलंच नाही. ते अजून खणात आहे.

म्हणून विचारतो, तू हा अल्बम कशावर ऐकलास? सिटी बसमध्ये एकच इअरफोन कानात घालून ऐकला असशील तर निम्मं गाणं खिडकीबाहेर गेलं. स्टिरिओत गिटार एका बाजूला असते, तुझ्या मोकळ्या कानाच्या. बसमध्येही जरूर ऐक, लोक तिथेच ऐकतात. पण एकदा घरी, दोन्ही कानांनी, फोन उलटा ठेवून, आणि एकदा कुणाच्या तरी गाडीत. तिन्हीकडे टिकतं ते लिही. एकीकडे आवडलं आणि दुसरीकडे नाही, तर का ते लिही. बहुतेक वेळा लेखाचा विषय तिथेच मिळतो.

आणि क्रमानं ऐक. तू शफलवर ऐकलंस हे मला कळलं, कारण सातव्या गाण्याला तू ‘सुरुवातीचं’ म्हटलंयस. कॅसेट भरताना गिऱ्हाईक यादी द्यायचं आणि मी क्रम लावायचो. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. बाजू संपताना गाणं मध्येच तुटलं की गिऱ्हाईक दारात येऊन भांडायचं. त्यामुळे पहिल्या बाजूच्या शेवटी कोणतं गाणं बसवायचं याचा मी तासन्‌तास विचार केलाय. त्यानंतर माणूस उठून कॅसेट उलटवतो, तेवढा वेळ ते गाणं त्याच्या डोक्यात राहतं. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची, तेव्हापासून हा विचार अल्बम करणाऱ्यांच्या डोक्यात आहे. गायिका अ‍ॅडेलनं सांगितलं म्हणून स्पॉटिफायनं २०२१ मध्ये अल्बम आपोआप शफलवर वाजवणं बंद केलं, ते उगाच नाही.

उलट बाजूही बघ. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. म्हणून आता गाण्यांना प्रस्तावना परवडत नाही, धृपद दारातच उभं असतं. तुझ्या या पोरांच्या नऊपैकी सात गाण्यांत पहिल्या दहा सेकंदांत गायक तोंड उघडतो. उरलेल्या दोनांत थांबतो, आणि तीच दोन मला सकाळी दात घासताना आठवली. यावरून मी काही सिद्धांत मांडत नाही. पण तू मोजत जा.

घाईबद्दल. २०२४ च्या एप्रिलमध्ये टेलर स्विफ्टचा अल्बम आला, मध्यरात्री १६ गाणी आणि दोन तासांनी आणखी १५. दोन तासांहून जास्त ऐवज, आणि त्याच दिवशी परीक्षणं यायला लागली! ‘पेस्ट’ या अमेरिकी मासिकानं तर परीक्षणावर लेखकाचं नावच घातलं नाही, कारण तिच्या २०१९ च्या अल्बमवर लिहिणाऱ्याला धमक्या आल्या होत्या. धमक्या देणाऱ्यांचा मला रागच आहे. पण दोन तासांचं गाणं एका दिवसात पचवून निकाल देणाऱ्यांचंही मला नवल वाटतं. तुला कुणी संपादक घड्याळ लावून बसलेला नाही. आठवडा घे.

गुण देऊ नकोस. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ हा अमेरिकी समीक्षक १९६९ पासून अक्षरांत श्रेणी देत आला, पिचफोर्क या संगीताच्या संकेतस्थळावर दहापैकी दशांशात गुण देतात. ख्रिस्टगाऊच्या दोन ओळी वाचनीय असायच्या म्हणून त्याचं चालून गेलं. आपल्याकडे मात्र ६.८ पाहिलं की लोक खालचा मजकूर वाचत नाहीत.

ड्रमवाल्याची आई तुझ्या मावशीबरोबर भिशीत आहे, हे मला माहीत आहे. नाशिकमध्ये असंच असतं. ओळख आहे हे लेखातच एका वाक्यात सांगून टाक आणि पुढे लिही.

अजून एक, आणि हे मला स्वतःला बोचतं. भीमजयंतीच्या आधी पंधरा दिवस माझ्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसायची. भीमगीतं लिहिणाऱ्या-गाणाऱ्या वामनदादा कर्डकांची गाणी भरून घ्यायला सातपूर, अंबडहून कामगार यायचे, नाशिक रोडहूनही. वामनदादा आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. माणसं काउंटरपाशी उभी राहून सगळी कडवी पाठ म्हणायची, आणि एखाद्या कॅसेटीत एक कडवं गाळलेलं असलं तर मला सांगायची. माझं सदर अकरा वर्षं चाललं. त्यात या गाण्यांवर मी एक ओळ लिहिली नाही. कुणी अडवलं नव्हतं. ‘परीक्षण’ या शब्दात ती बसतात असं मला वाटलंच नाही, आणि तसं का वाटलं नाही हे तुला न सांगता कळेल. २००४ मध्ये वामनदादा गेले तोवर सदरही बंद पडलं होतं. तू यादी करशील तेव्हा लग्नाच्या बँडवर काय वाजतंय, रिक्षात काय वाजतंय, हेही त्या यादीत असू दे.

तर आता लेख परत पाठव. चौथ्या गाण्यावर माझं म्हणणं चोरू नकोस. पटलं नसेल तर खोडून काढ. आणि नवव्या गाण्याची शेवटची चाळीस सेकंदं नीट ऐक. मागे तंबोरा आहे की सिंथेसायझर, मला ठरवता आलेलं नाही. माझे कान आता वरचे स्वर गाळतात.

तुझे मोठे हेडफोन इथेच राहिलेत, सोफ्याच्या मागे. बुधवारी ये, काकू घरी आहे.

तुझा,
काका