जुन्या केबिन बोटीला मोठा एसी बसवू का?

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही मूळचे डोंबिवलीचे, आता बरीच वर्षं फ्लोरिडात फोर्ट मायर्सला आहोत. मागच्या वर्षी एक जुनी 31 फुटी केबिन बोट घेतली, 1990 चं मॉडेल, पेट्रोलची दोन इंजिनं. आतला एसी मूळचाच आहे, 16,000 बीटीयूचा (बीटीयू म्हणजे एसीच्या थंड करायच्या ताकदीचं माप), समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा, गॅस आर-22. चालतो, पण दुपारी केबिन काही गार होत नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झालाय, आता नवाच घ्या. घ्यायचाच तर 24,000 चा घ्यावा असं माझ्या डोक्यात आहे. धक्क्यावर वीज 30 अँपिअरची आहे. मे महिन्यात आई येतेय, 74 वर्षांची आहे, तिला दोन-चार रात्री बोटीवर झोपायची फार हौस आहे. काय करू?

उत्तर : नमस्कार. आई येतायत म्हणजे काम मेच्या आत व्हायला हवं, पण मोठा एसी घेऊ नका, आणि नवा घ्यायच्या आधी पाणी बघा.

पाणी म्हणजे काय ते सांगतो. घरचा एसी आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, तुमचा ती समुद्राच्या पाण्यात टाकतो. तळातून पाणी येतं, व्हॉल्व्ह, मग जाळीचा फिल्टर, मग पंप, मग कंडेन्सरची कॉइल (इथे गॅस आपली उष्णता पाण्याला देतो) आणि परत बाहेर. या वाटेत कुठेही शेवाळ, शिंपले, प्लास्टिकची पिशवी अडकली की कॉइल तापते, प्रेशर चढतं आणि हवा गार होत नाही, आणि सगळे गॅसला दोष देतात. तुमच्याकडे ऑगस्टमध्ये कालव्याचं पाणी 30 अंशांच्या वर जातं, म्हणजे आधीच कोमट, त्यात ते कमी आलं तर एसी बिचारा काय करणार.

एक बादली घ्या. एसीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे एक मिनिट धरा. 16,000 बीटीयूला मिनिटाला साधारण 15 लिटर यायला पाहिजे. सात-आठच आलं तर दोष तिथे आहे. जाळी धुवा, पंप पाण्याच्या पातळीच्या खाली आहे ना बघा (हा पंप स्वतःहून पाणी वर ओढत नाही), पाइप पंपापासून एसीपर्यंत सतत चढता हवा, मधे कुठे उंचवटा आला की हवा अडकते. मग कॉइलमधला क्षार काढायचं सोल्यूशन मिळतं ते बादलीतून पंपाने तास-दोन तास फिरवत ठेवा. मी स्वतः एकदा ही चूक केलीय, एका बोटीवर नवं कोरं युनिट बसवलं आणि तरी दुपारी केबिन गरमच, शेवटी तळाच्या तोंडाशी शिंपल्यांचा गठ्ठा निघाला. मालकाचे पैसे गेले याचं अजून वाईट वाटतं, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगतोय.

पाणी नीट आणि तरीही गार नाही, गॅस खरंच गळतोय, तर मात्र मेकॅनिकचं बरोबर आहे. अमेरिकेत आर-22 चं उत्पादन आणि आयात 1 जानेवारी 2020 पासून बंद आहे, जुना काढून साफ केलेला गॅस तेवढा मिळतो, तो महाग, आणि गळक्या युनिटमध्ये ओतण्यात अर्थ नाही. जुन्या युनिटमध्ये आर-410ए भरून द्या असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्याचं प्रेशर साधारण दीडपट असतं. नवं युनिट गॅस भरूनच येतं, त्यामुळे बसवताना गॅसची लाइन उघडावी लागत नाही. जुन्यातला गॅस मात्र लायसन्सवाल्याकडूनच काढून घ्या, हवेत सोडणं बेकायदा आहे.

आता साइज. वरच्या काचेच्या सलूनला, म्हणजे बसायच्या खोलीला, चौरस फुटाला 120 बीटीयू धरतात, खालच्या झोपायच्या केबिनला 60. तुमचं सलून 12 बाय 10 धरलं तर 14,400, पुढची केबिन 40 चौरस फूट धरली तर 2,400, झाले 16,800. म्हणजे ज्याने बोट बनवली त्याने हिशोब करूनच 16,000 चा बसवला होता, तुम्ही मापं घेऊन खात्री करा. मोठा एसी पटकन गार करून बंद होतो, दमटपणा तसाच राहतो आणि गाद्यांना बुरशीचा वास येतो. शिवाय त्याला हवेचे डक्ट मोठे लागतात, ते तुमच्या कपाटांतून जाणार नाहीत.

विजेचंही तेच. 16,000 चा एसी 12-13 अँपिअर खातो, पाण्याचा गीझर तेवढेच, वर बॅटरी चार्जर, संपले तुमचे 30. 24,000 चा एकटा 20 च्या आसपास जाईल. सुरू होताना झटका कितीतरी जास्त असतो, त्यासाठी सॉफ्ट स्टार्टर लावून घ्या. आणि बोटीवरचं किनाऱ्याच्या केबलचं सॉकेट उघडून बघा, 1990 चं असेल तर पिना काळ्या पडलेल्या असू शकतात, तसं दिसलं तर आधी ते बदला. आग इथूनच लागते.

एक गोष्ट मात्र अजिबात पुढे ढकलू नका. तुमची इंजिनं पेट्रोलची आहेत. एसी आत ओढतो ती हवा केबिनचीच हवी, इंजिनरूम किंवा बिल्जची (बोटीच्या तळाची पाणी साचायची जागा) नाही, नाहीतर इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू थेट झोपलेल्या माणसापर्यंत पोचतो. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याची नळीही बिल्जमध्ये किंवा एक्झॉस्टजवळ सोडू नका. आई जिथे झोपणार तिथे सीओ अलार्म लावा, मेमध्ये नाही, आत्ताच.

प्रश्न : मी गोव्यातल्या बेतीचा, मांडवी नदीत आमची छोटी केबिन बोट आहे. घरचा एक टनाचा स्प्लिट लावला तर चालेल का? खूप स्वस्त पडतो.

उत्तर : चालेल, पण किती दिवस ते खाऱ्या हवेवर आहे, बाहेरच्या युनिटच्या अॅल्युमिनियमच्या पात्या लवकर खाल्ल्या जातात. बोट नदीतच फिरत असेल आणि दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी असेल तर लावा. बाहेरचं युनिट केबिनच्या छपरावर नको, वजन उंच गेलं की बोट डुलते, शक्य तितकं खाली आणि मोकळ्या हवेत ठेवा. खाली रबराचे पॅड घाला, तांब्याच्या पाइपला एक सैल वेढा द्या म्हणजे हादऱ्याने जोड तुटणार नाही, आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात बोट वर ओढाल तेव्हा ते उतरवून घरी ठेवा.