स्क्रीनवरची हळद आणि अल्बममधली हळद

प्रश्न : मी अंबाजोगाई परिसरात लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो. संगणकावर उत्तम दिसणारे फोटो लॅबमधून छापून आले की काळपट दिसतात आणि हळदीच्या फोटोंतला पिवळा रंग मळकट येतो. ‘मॉनिटर कॅलिब्रेट करा आणि प्रोफाइल लावून पाठवा,’ एवढेच लॅबवाले सांगतात. म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांतल्या पहिल्याला बहुधा एक रुपयाही खर्च येणार नाही. फोटो काळपट येतात याचे नेहमीचे कारण लॅबमध्ये नसून आपल्याच टेबलावर असते. नवा मॉनिटर दुकानात झगझगीत दिसावा अशा बेताने प्रखर ठेवून येतो. त्याचा उजेड प्रति चौरस मीटर २५० ते ३०० कॅन्डेला असणे नवलाचे नाही, आणि फोटोंच्या कामाला १०० ते १२० पुरेसा होतो. अशा प्रखर पडद्यावर आपण नकळत फोटो गडद करत जातो, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसल्यामुळे तो गडदपणा अल्बममध्ये उघडा पडतो. एक कोरा पांढरा कागद मॉनिटरशेजारी धरावा, पडद्यावर कोरे पान उघडावे आणि दोन्ही सारखेच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करावा. पहिले दोन दिवस पडदा मंद वाटेल. नंतर डोळा सरावतो.

दुकानाचे शटर उघडे असेल आणि दुपारचे ऊन थेट पडद्यावर येत असेल, तर हे सारे व्यर्थ आहे. पाठीमागची भिंत पोपटी किंवा गुलाबी असल्यास तिचीही छटा पडद्यावर आणि डोळ्यात उतरते. काम करण्याच्या कोपऱ्यात भिंत राखाडी किंवा पांढरी असावी आणि दिवा दिवसरात्र एकच असावा.

आता दुसरे दुखणे. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल हे शब्द जोडीने येतात, म्हणून ते एकच समजले जातात. मोंढ्यात माल जोखण्यापूर्वी काट्याचा पासंग, म्हणजे रिकाम्या काट्यातला फरक, काढतात, ते कॅलिब्रेशन. वजनाच्या आकड्यापुढे किलो की क्विंटल हे लिहितात, ते प्रोफाइल. फोटोतल्या एका ठिपक्याचे लाल २५५, हिरवा २०० आणि निळा ० असे आकडे फाइलमध्ये असतात. पण कोणत्या मापाचे २५५, हे प्रोफाइलशिवाय कळत नाही. मॉनिटरलाही त्याचे स्वतःचे प्रोफाइल असते. पासंग काढल्यावरही तो कोणता रंग कसा दाखवतो, याची ती नोंद असते, आणि ती वाचूनच फोटोशॉपसारखा प्रोग्रॅम पडद्यावरचा रंग दुरुस्त करून दाखवतो.

पासंग काढण्यासाठी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : पांढऱ्याची छटा, म्हणजे ६५०० केल्विन; गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप), म्हणजे २.२; आणि वर सांगितलेला उजेड. विंडोजमध्ये नुसत्या डोळ्यांनी कॅलिब्रेशन करण्याची सोय आहे, पण तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही, कारण पिवळसर पडद्याकडे पाच मिनिटे पाहत राहिले की डोळा त्यालाच पांढरा मानू लागतो. कलरीमीटर नावाचे छोटे उपकरण पडद्यावर टेकवून ठेवतात. त्याचे सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवते, उपकरण ते मोजते आणि अखेरीस त्या मॉनिटरचे आयसीसी (प्रोफाइलचा ठरलेला साचा) प्रोफाइल तयार होते. मोजणीपूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू असावा आणि रात्री पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’ सोय बंद असावी. महिन्याकाठी एकदा मोजणी केली तरी भागते, त्यामुळे गावातल्या चार-पाच छायाचित्रकारांनी मिळून एकच उपकरण घ्यावे. मात्र दुसऱ्याच्या मॉनिटरचे प्रोफाइल उचलून आपल्याकडे लावू नये. मॉडेल एक असले तरी प्रत्येक पडद्याचा पासंग निराळा असतो.

हळदीच्या मळकट रंगाचा संशय मला आपल्या कॅमेऱ्यातल्या ‘अॅडोबी आरजीबी’ या पर्यायावर येतो. एसआरजीबी हे रंगांचे माप एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडले आणि बहुतेक लॅब तेच गृहीत धरतात. १९९८ चे अॅडोबी आरजीबी त्याहून विस्तृत आहे, विशेषतः हिरव्या-निळ्या छटांत. त्यातले आकडे लॅबच्या यंत्राने एसआरजीबीचे समजून वाचले, तर सगळेच रंग फिके पडतात. म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरून एसआरजीबी करावी आणि प्रोफाइल फाइलमध्ये राहू द्यावे. ‘असाइन प्रोफाइल’ हा शेजारचा पर्याय येथे वापरू नये : त्याने आकडे तेच राहतात आणि फक्त माप बदलते, म्हणजे चाळीस किलोपुढे क्विंटल लिहिल्यासारखे होते. आणखी एक चूक वारंवार आढळते, ती म्हणजे फोटोशॉपच्या वर्किंग स्पेसमध्ये, म्हणजे फोटोवर काम करताना वापरायच्या मापात, मॉनिटरचेच प्रोफाइल निवडणे. तेथेही एसआरजीबीच ठेवावे.

एवढे करूनही नवरीच्या शालूचा भडक राणी रंग कागदावर थोडा दबलेलाच येईल, कारण काही रंग छपाईच्या आवाक्याबाहेरचे असतात. लॅबकडून त्यांच्या कागदाचे प्रोफाइल मिळाले, तर सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छपाई कशी दिसेल याच्या पडद्यावरच्या नमुन्यात, हे आधीच पाहता येते आणि ग्राहकालाही दाखवता येते.

प्रश्न : पैठणमधून मी व्हॉट्सअॅपवर पैठण्या विकते. साडी हातात पडल्यावर ‘रंग वेगळा आहे’ अशी तक्रार येते. मॉनिटर कॅलिब्रेट केल्याने ती थांबेल का?

उत्तर : पूर्णपणे थांबणार नाही, कारण ग्राहकाचा मोबाइल आपल्याला कॅलिब्रेट करता येत नाही. फोटो ट्यूबलाइटखाली न काढता उघड्या सावलीत काढावा, पहिल्या फोटोत साडीशेजारी राखाडी कार्ड ठेवून त्यावरून व्हाइट बॅलन्स (उजेडाची छटा काढून टाकणारी सोय) बसवावा आणि फाइल एसआरजीबीमध्ये द्यावी. धूपछाव पैठणीची अडचण मात्र निराळी आहे. तिच्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने पदर हलवला की रंग बदलतो, आणि एका फोटोत त्यातला एकच कोन पकडला जातो. अशा साडीचे दोन कोनांतले फोटो किंवा पदर हलवतानाचा छोटा व्हिडिओ पाठवावा, आणि ताण्या-बाण्याचे दोन्ही रंग शब्दांत लिहावेत.