शेप-नोटच्या फॉन्टमध्ये ‘ला’चा चौकोन मोठा आणि ‘फा’चा त्रिकोण दांडीपासून सुटलेला का दिसतो?

शेप-नोट ही पाश्चात्त्य स्वरलिपीची अशी पद्धत, जिच्यात स्वरचिन्हाच्या आकारावरून गायचे अक्षर कळते. आपला प्रश्न असा आहे की, तिच्यातल्या चार आकारांच्या पद्धतीसाठी सर्व स्वरचिन्हे एकाच उंचीची रेखाटूनही छापल्यावर चौकोन अंगावर येतो, शंकरपाळ्याच्या आकाराचा ‘मि’ किरकोळ वाटतो आणि ‘फा’ची दांडी, म्हणजे चिन्हाला जोडलेली उभी रेघ, चुकीच्या जागी लागते. असा फॉन्ट मी केला आहे आणि सुरुवातीला नेमक्या याच चुका केल्या आहेत.

फिलाडेल्फियात 1801 मध्ये लिटल आणि स्मिथ यांनी ‘ईझी इन्स्ट्रक्टर’ या पुस्तकातून ही पद्धत आणली. ‘फा सोल ला फा सोल ला मि’ हा क्रम आकारावरूनच ओळखता यावा, पट्टी मोजत बसावे लागू नये, हा तिचा हेतू. 1844 च्या ‘सेक्रेड हार्प’ या गीतसंग्रहाचे गायक आजही आधी ही अक्षरे गातात आणि मग शब्द. त्यामुळे आकार संदिग्ध झाला, की अक्षरच चुकते.

सारख्या उंची-रुंदीच्या चौकटीत शंकरपाळ्याचे क्षेत्रफळ चौकोनाच्या बरोबर निम्मे भरते, त्रिकोणाचेही तेवढेच. म्हणून मापे मोजपट्टीने नव्हे, डोळ्याने जुळवावी लागतात. पंचरेषेची, म्हणजे स्वर ज्यांवर लिहितात त्या पाच आडव्या रेषांची, उंची 1000 एकक धरली, तर दोन रेषांमधले अंतर 250 होते. माझ्या फॉन्टमध्ये चौकोन 236 वर आणला आणि शंकरपाळे 280 पर्यंत वाढवले. त्याहून पुढे गेल्यास दोन रेषांमधला स्वर रेषेवरचा वाटू लागतो.

खरी कसोटी पोकळ चिन्हांची असते. माझ्या पहिल्या छपाईत पंचरेषेची रेषा शंकरपाळ्याच्या मधोमध गेली, आतल्या पोकळीचे दोन चिमुकले त्रिकोण झाले, ते शाईने बुजले आणि दोन मात्रांचा स्वर एका मात्रेचा दिसू लागला. समोरासमोरच्या दोन बाजू जाड ठेवून उरलेल्या दोन बारीक केल्या, तेव्हा पोकळी मोकळी झाली.

‘फा’ हा काटकोन त्रिकोण आहे आणि त्याची उभी बाजू दांडीला चिकटून असते. दांडी वर जाताना ती उजवीकडे असते, खाली जाताना डावीकडे, म्हणून ‘फा’ची दोन स्वतंत्र चित्रे लागतात. आपण बहुधा एकच केले आहे. संगीतलिपीच्या फॉन्टसाठीच्या स्मूफल या मानकात दोघांना वेगळ्या जागा आहेत आणि लिलिपाँड या स्वरलिपी छापण्याच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्येही ती वेगळीच आहेत. त्यांच्या जोडबिंदूंची, म्हणजे दांडी जिथे जोडायची त्या जागांची, नोंदही स्वतंत्रपणे करावी: वर जाणाऱ्या दांडीचा खालचा उजवा कोपरा आणि खाली जाणाऱ्या दांडीचा वरचा डावा कोपरा. काना शिरोरेषेला भिडतो, तशी दांडी त्या बाजूत मिसळली पाहिजे.

एकिनची 1846 ची सात आकारांची पद्धत पुढे घेणार असाल, तर ‘रे’ आणि ‘ती’ शेजारी ठेवून पाहा, कारण दोघांच्याही आकारात एक बाजू गोलसर आहे.

प्रत्येक आकार रेषेवर व रेषांमध्ये, भरीव व पोकळ, दोन्ही दिशांच्या दांड्यांसह एका पानावर प्रत्यक्ष आकारात छापा आणि ते पान हातभर अंतरावरून वाचा.