कोळंबीच्याच आतड्यातले जिवाणू प्रोबायोटिक म्हणून चालतील का?
जालन्याकडच्या शेततळ्यात गोड्या पाण्यातली कोळंबी सोडलीय, तिच्याच आतड्यातले जिवाणू प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला उपकारक जिवाणू, म्हणून खाद्यातून दिले तर औषधं टळतील का, असं तुम्ही विचारलंय. टळू शकतात, पण आधी जिवाणू पारखावे लागतात. निरोगी कोळंबीतून बॅसिलससारखे जिवाणू वेगळे करून प्रयोगशाळेत एरोमोनास, व्हिब्रिओ अशा रोगजंतूंसमोर वाढवतात; त्यांची वाढ रोखली जाते का, ते दिसतं. प्रतिजैविकांना दाद न देणारा जिवाणू मात्र सरळ बाद करावा, तो गुण दुसऱ्या जंतूंकडे जाऊ शकतो. खरी परीक्षा टाकीत: काही आठवडे खाऊ घालून मग रोगजंतू सोडतात आणि किती कोळंबी जगली ते मोजतात. बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे त्याची कडक कवचातली सुप्त रूपं, उष्णतेत टिकतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार मोलाचं. घरी ड्रममध्ये जिवाणू वाढवून तळ्यात ओतू नका, सोबत रोगजंतूही वाढू शकतात.